खाड्याचं रजिस्टर

ज्यांनी कधी मेस लावली आहे त्यांना खाडा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मेंबर गावाला जाणार असेल, कोणाकडे जेवायला जाणार असेल, तर त्याने आदल्या दिवशी सांगायचं. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे त्या तारखेच्या चौकोनात ‘खा’ लिहायची आणि महिन्याअखेरी तेवढ्या जेवणाचे पैसे कापायची. न सांगता दांडी मारली तर पैसे लागायचे, जेवो की न जेवो. यावरून पोट्ट्यांनी माझ्याशी किती भांडणं केली असतील त्याची गणतीच नाही.

नागपूरच्या हनुमाननगरात माझी मेस होती. मेडिकल कॉलेजच्या आसपास शिकणारी, कामाला लागलेली, एकटी राहणारी पोरं. सकाळची एक पंगत आणि रात्रीच्या दोन: साडेसातची आणि साडेआठनंतरची. रविवारी रात्री बंद. वर्ष संपलं की रजिस्टर रद्दीत जायचं. एक मात्र गेलं नाही, ते कोर्टात जमा झालं आणि त्याच्यावर निशाणीचा, म्हणजे पुराव्याचा, नंबर पडला.

एरवी मी इथे सांडगे, मुगवड्या आणि वांग्याच्या भाजीत काय चुकतं ते लिहिते. आज जे लिहितेय ते सुद्धा स्वयंपाकघरातलंच आहे, फक्त ते एका खुनाच्या खटल्यात जाऊन आलं आहे.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. माझ्याकडे आर्वीकडचा एक पोरगा जेवायला होता. एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करत होता. पंगतीला कोपऱ्यातली जागा, मान खाली, वाढताना ‘बस’ म्हणायचा नाही, ताटावर हात आडवा धरायचा. इतकीच ओळख. तान्ह्या पोळ्याच्या रात्री मेसपासून दोन-अडीच किलोमीटरवर एका पानठेल्यापाशी भांडण झालं आणि एकाला भोसकून मारलं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी चौघांना उचललं, त्यात हा. पोराचा रूममेट सांगत आला तेव्हा मी भाजी निवडत होते. मला वाटलं, सुटेल दोन दिवसांत. मी काय केलं, तर पुढच्या महिन्यापासून त्याचं नाव रजिस्टरमधून काढलं.

त्याची आई आली ती दिवाळीच्या जरा आधी. म्हणजे मधे जवळजवळ अडीच महिने गेले होते. हा आकडा लक्षात ठेवा. वर्धा रोडच्या सेंट्रल जेलात मुलाला भेटून, तिथून चालत आणि ऑटोने विचारत-विचारत ती माझ्या दारात आली. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेतातली तूर. पाणी दिलं. ती बसली नाही, उंबऱ्याशी उभी राहूनच म्हणाली, “बाई, त्या राती तो तुमच्याकडं जेवाले होता ना? बडग्याचा दिवस होता. मटण असन तुमच्याकडं.”

नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा. सकाळपासून इतवारी-महालात काळी मारबत, पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक असते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावातली सगळी घाण बाहेर काढायची. संध्याकाळी लहान पोरं लाकडी नंदी सजवून घेऊन फिरतात. आणि पोळ्याची पुरणपोळी झाली की बडग्याला बऱ्याच घरी मटण शिजतं. माझ्या मेसमध्ये सुद्धा.

मी म्हटलं, “हो बापा, बडग्याला मटण असतेच.”

आणि हे वाक्य तोंडातून निघता-निघता मला तो दिसला. खरंच दिसला. कोपऱ्यात बसलेला, समोर लालभडक तर्रीची वाटी, अंगात पिवळा शर्ट. मी भाकर वाढतेय आणि तो आडवा हात धरतोय. मी आईला म्हटलं, “तीन भाकरी खाल्ल्या त्यानं.” ती तिथेच खाली बसली आणि रडली. त्या क्षणी मला जर कोणी म्हटलं असतं की बाई, तुम्हाला हे खरंच आठवतं का, तर मी त्याला चपलेनं मारलं असतं.

मग ते मी पोराच्या वकीलसाहेबांना सांगितलं. मग शेजारणीला, मग नणंदेला. दर वेळी थोडं आणखी स्पष्ट होत गेलं. पिवळ्या शर्टावर गुलालाचा डाग कधी आला ते मला सांगता येणार नाही, पण कोर्टात जाईपर्यंत तो होता.

वकीलसाहेबांनी मला ‘अ‍ॅलिबाय’ हा शब्द शिकवला. लॅटिन आहे म्हणे, ‘दुसरीकडे’ एवढाच त्याचा अर्थ. गुन्हा झाला तेव्हा मी दुसरीकडे होतो. त्यांनी एक इशाराही दिला होता, तो मी तेव्हा कानाआड केला. म्हणाले, काकू, खून केला हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर, पण ‘मी दुसरीकडे होतो’ असं म्हटलं की ते दाखवायचं ओझं आमच्यावर. ते नाही जमलं तरी तेवढ्यावरून आरोपी दोषी ठरत नाही, सरकारला आपला खटला आपल्याच पायावर उभा करावा लागतो. पण बनावट निघालं, तर तेच उलटून त्याच्या गळ्यात येतं.

समन्स आलं तोवर पोरगा तीन वर्षं कच्चा कैदी म्हणून आत होता. सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरात मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा जज्जसाहेब रजेवर. दुसऱ्यांदा तारीख वाढली. दोन्ही वेळा सकाळचा स्वयंपाक पहाटे चारला उरकून गेले होते आणि बाकावर बसून परत आले. बाहेर झाडाखाली टायपिंगवाले, आत लिफ्टसाठी ही रांग. २००४ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्हा कोर्टात अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने भर दिवसा मारलं, ते आठवत होतं. आणि २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले, हेही. दोनशे लोकांसमोर झालेलं कोर्टात शाबित होत नाही आणि मी निघाले होते एका वाटीभर रश्श्याची साक्ष द्यायला. अर्थात असा विचार तेव्हा मनात आला होता की आत्ता लिहिताना येतोय, हे मी आता छातीठोक सांगत नाही.

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला. बचाव साक्षीदार क्रमांक एक. खरं सांगेन म्हणून ईश्वरसाक्ष शपथ घेतली आणि ती मी मनापासून घेतली.

सरतपास, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाचे प्रश्न, छान गेला. वकीलसाहेब विचारत होते, मी सांगत होते, जज्जसाहेब ते कोर्टाच्या भाषेत करून टायपिस्टला सांगत होते. मी म्हटलं, “पोट्टा दुसऱ्या पंगतीले बसला होता जी.” पडद्यावर उमटलं: ‘आरोपी रात्रीच्या दुसऱ्या पंगतीस हजर होता.’ ऐकायला मलाच भारी वाटलं. रजिस्टर दाखवलं, हस्ताक्षर माझं म्हणून ओळखलं, निशाणी पडली. मटण, तीन भाकरी, पिवळा शर्ट, गुलाल. सगळं सांगितलं. तो समोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून ऐकत होता. खूप वाळला होता.

मग उलटतपास. सरकारी वकील ओरडले नाहीत की टेबलावर हात आपटला नाही. मला बरं वाटेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “बाई, या तारखेला आरोपीच्या नावापुढे काय लिहिलं आहे?”

“काही नाही. रिकामं आहे.”

“रिकामं म्हणजे?”

“म्हणजे जेवला.”

“की म्हणजे खाडा सांगितला नाही?”

मी गप्प.

“एखादा मेंबर न सांगता आला नाही, तर त्याचा चौकोन कसा असतो?”

“रिकामाच.”

“म्हणजे जेवलेल्याचा आणि न सांगता न जेवलेल्याचा चौकोन सारखाच?”

“हो.”

टायपिस्टने टाइप केलं: ‘हे म्हणणे खरे आहे की, न कळवता गैरहजर राहिलेल्या मेंबरच्या नावासमोर मी कोणतीही खूण करत नाही.’ इतकी वर्षं मी ते रजिस्टर हजेरीचं समजत होते. ते गैरहजेरीचं होतं, आणि तेही फक्त सांगून केलेल्या गैरहजेरीचं. एका अनोळखी माणसाने मला माझ्याच वहीचा अर्थ चार प्रश्नांत समजावून सांगितला. राग यायला हवा होता. मला लाज वाटली, जशी भाजीत मीठ दोनदा पडल्यावर वाटते तशी.

पुढे वेळेचं. तो किती वाजता उठला? मी म्हटलं साडेनऊ. घड्याळ पाहिलं होतं का? नाही, पण दुसरी पंगत त्याच सुमाराला उठते. रोज त्याच सुमाराला? कधी सव्वानऊला, कधी पावणेदहाला. त्या दिवशी? अंतर किती? स्कूटरने किती वेळ? मी प्रामाणिकपणे सांगितलं, दहा मिनिटं. खून साडेनऊ ते दहाच्या दरम्यानचा. वकीलसाहेबांकडे पाहिलं तर ते कागद वाचत असल्यासारखं करत होते.

तुम्ही पोलिसांकडे का गेला नाहीत? मला कोणी विचारलंच नाही. अडीच महिने तुम्ही हे कोणाला बोलला नाहीत? नाही. आणि आरोपीची आई येऊन गेल्यावर बोलायला लागलात? हो.

शेवटी ते ठरलेलं वाक्य आलं. कोर्टात प्रत्येक साक्षीदाराला ते विचारतातच: तुम्ही आरोपीच्या आईच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात. मी ताडकन म्हटलं, खोटं आहे हे. टायपिस्टने लिहिलं: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीच्या आईच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ वाचून दाखवलं, मी सही केली.

‘आईच्या सांगण्यावरून’ आणि ‘खोटी’, हे दोन्ही एकाच वाक्यात होते. मी वाक्य अख्खंच्या अख्खं नाकारलं. आज विचारलं तर मला त्याचे तुकडे करून उत्तर द्यावं लागेल.

पोरगा सुटला. माझ्यामुळे नाही. एक प्रत्यक्षदर्शी फितूर झाला, दुसऱ्याने रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तोंड नीट दिसलं नाही असं कबूल केलं. ओळखपरेड उशिरा घेतली होती, तीही टिकली नाही. संशयाचा फायदा मिळाला. निकालात माझ्याबद्दल एक परिच्छेद होता. या बाईला खोटं बोलायचं कारण दिसत नाही, पण तिचं सगळं मान्य केलं तरी आरोपी तिथे असूच शकत नव्हता असं त्यातून निघत नाही, असा त्याचा अर्थ वकीलसाहेबांनी सांगितला. मला तेव्हा तो अपमान वाटला होता.

आता माझी भाची वकिली शिकते आणि माझ्याकडेच राहते. तिच्या पुस्तकांमुळे मला कळलं की मी काही जगावेगळी साक्षीदार नव्हते. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर दूधनाथ पांडे यांचा खटला आला. तो म्हणत होता की खून झाला तेव्हा मी नैनीच्या टेलिफोन कारखान्यात कामावर होतो. कारखान्यात आत जाताना कार्ड पंच होत होतं, पण बाहेर पडताना वेळ पंच करायची पद्धत नव्हती. कोर्ट म्हणालं, साडेआठला कारखान्यात असलेला माणूस नऊला घटनास्थळी असू शकतो, अंतरच तेवढं कमी आहे. भाचीने वाचून दाखवलं आणि मी हसायलाच लागले. कारखान्याचं कार्ड आणि माझं रजिस्टर, सख्खी भावंडं. त्याच निकालात असंही आहे म्हणे की बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांसारखीच वागणूक मिळायला हवी. ते ऐकून बरं वाटलं.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात या बचावाचं उदाहरण काय दिलं होतं, तर गुन्हा कलकत्त्याला झाला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात ते चेन्नई आणि लडाख केलंय. घ्या! कायद्याला देशाच्या दोन टोकांची उदाहरणं सुचतात, आणि माझ्याजवळ काय होतं, तर मेडिकल चौकाजवळची मेस आणि स्कूटरवर दहा मिनिटांचा पानठेला. खून बहुतेक ओळखीच्याच वस्तीत होतात, त्यामुळे ‘दुसरीकडे’ म्हणजे पुढची गल्ली असते. लाहोर कोणाच्या नशिबी येतं?

१९८३ च्या एका निकालात (तो गुन्हा वेगळा होता, गुजरातमधला) सुप्रीम कोर्टाने साक्षीदारांची बाजूही घेतली आहे. साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे, ती मागे नेऊन जशीच्या तशी दाखवता येत नाही. वेळ विचारली की लोक अंदाजच सांगतात. हे वाचल्यावर माझं साडेनऊ मी मला माफ केलं.

मटणाचं मात्र तसं नाही.

मागच्या वर्षी स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून फडताळं रिकामी केली. डब्यांखाली मी जुन्या कॅलेंडरची पानं घालते, सगळ्याच घालतात. हळदीच्या डब्याखालून एक पान निघालं, तेलकट, कडा पिवळ्या पडलेल्या, दुधाचे आकडे लिहिलेलं. साल पाहिलं. तेच साल. महिना पाहिला. तोच. आणि पोळा होता शुक्रवारी. तान्हा पोळा शनिवारी.

शनिवारी माझ्या घरात मटण शिजत नाही. सासूबाईंपासूनचा नेम आहे, मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही मोडलेला नाही. मेसमध्ये सुद्धा नाही. बडग्या शनिवारी आला की मी पाटवडीचा रस्सा करते. मसाला तोच, तर्री तशीच लाल, आणि पोरं म्हणायची काकू, डोळे मिटून खाल्लं तर कळत नाही.

जमिनीवरच बसले मी. कोर्टात सगळं तारखेवर चालतं. सरतपास तारखेचा, उलटतपास तारखेचा, रजिस्टरात तारखेचे चौकोन. वार कोणी विचारलाच नाही. आणि माझं स्वयंपाकघर तर वारावर चालतं. एका जरी माणसाने विचारलं असतं, “बाई, वार कोणता होता?” तर तिथल्या तिथे माझ्याच तोंडून मटण गेलं असतं, आणि मटणाबरोबर बाकीचं किती गेलं असतं कोण जाणे.

भाचीने मला लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं धडकल्या तेव्हा किती होता. आठवड्याने पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६. एका शब्दाने काच फोडली. माझ्या बाबतीत एका आईने दारात उभं राहून ‘मटण असन’ म्हटलं आणि मी रस्सा वाढला, भाकरी मोजल्या, वर गुलाल टाकला. त्या बाईने काही शिकवलं नाही मला. तिला फक्त आपलं पोर त्या रात्री पोटभर जेवलं होतं की नाही ते ऐकायचं होतं.

आता माझ्याकडे उरलं काय? पोरगा त्या रात्री आला असेल. खाडा सांगितला नव्हता, आणि तो न सांगता दांडी मारणाऱ्यातला नव्हता. पाटवडी खाल्ली असेल. कदाचित तर्रीच्या वाटीचं ते चित्र खरंच त्या रात्रीचं असेल आणि मी फक्त वाटीतल्या पदार्थाचं नाव चुकले असेन. कदाचित ते आदल्या वर्षीच्या बडग्याचं असेल. आदल्या वर्षीही तो माझ्याकडेच होता, त्याच कोपऱ्यात. पिवळा शर्ट कोणत्या वर्षीचा? माहीत नाही. त्या पानासकट मी दोन दिवस भाचीच्या मागे लागले की आता काय करायचं. ती म्हणाली, मावशी, निकाल लागून किती वर्षं झाली, आणि तुझ्या साक्षीवर कोर्टाने काही उभं केलंच नव्हतं. ते खरं आहे. तरी पान फेकवलं नाही. पुन्हा हळदीच्या डब्याखाली घातलं.

तो आता अमरावतीला एका सेंटरमध्ये कामाला आहे. लग्न झालं, पोरगा आहे. पोळ्याला न चुकता फोन करतो. या वर्षी केला तेव्हा मी इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे, त्या बडग्याच्या राती तू माझ्याकडं काय जेवला होता?”

जराही न थांबता म्हणाला, “मटण, काकू. तीन भाकरी.”

“आठवते तुले?”

“म्हणजे काय! तुम्हीच तं सांगितलं ना कोर्टात.”

मग तो त्याच्या पोराच्या नंदीबद्दल बोलायला लागला. अमरावतीत चाकाचा चांगला नंदी मिळत नाही, मिळतो तो हलका, इतवारीत पाहून ठेवाल का म्हणाला, पैसे पाठवतो. मी पाहते म्हटलं.